ठाव न लागलेल्या पाण्यातून वर येताना



सांगवीकरांना पाण्याची ओळख करून देण्याचे धाडस आम्ही करणार नाही. एका अंगाला मुळा, दुसऱ्या अंगाला पवना, आणि पुढे दापोडीच्या समोर दोघींचा संगम. अशा जिभेसारख्या जमिनीवर हे गाव वसले. आज दोन्ही काठांवर इमारतींची दाटी झाली आहे, पाण्याचा रंग आणि वास दोन्ही बदलले आहेत, आणि हौसेने नदीत उडी टाकणारा मुलगा शोधूनही सापडायचा नाही. तरी जुन्या सांगवीतल्या एखाद्या वयोवृद्ध गृहस्थापाशी घटकाभर बसावे, तर डोहाची गोष्ट निघाल्यावाचून राहत नाही. आमच्या लहानपणी नदीकाठच्या गावागावाला असा एक डोह असे, आणि त्याच्याविषयी एकच वाक्य ऐकू येई: सात बाजांचे सुंभ सोडले, पण तळ काही लागला नाही.

हे सांगणारे खोटे बोलत नसत. सुंभाला दगड बांधून वाहत्या पाण्यात सोडला म्हणजे प्रवाह दोराला पोट आणतो. दोर तिरपा जातो, वर उभा असलेला माणूस सोडतच राहतो, आणि तीन परस पाण्याला आठ परस दोर खर्ची पडतो. उलटही घडते. दगड मध्येच एखाद्या कपारीवर टेकतो, मोजणारा समाधानाने दोर ओढून घेतो, आणि खरा तळ कपारीच्या पलीकडे आणखी चार परस खाली राहून जातो. पारनेर तालुक्यातल्या निघोजला कुकडीच्या पात्रात जे रांजणखळगे आहेत, तेही लोकांच्या बोलण्यात असेच तळ नसलेले आहेत.

काठावर बसून गोष्ट सांगणाऱ्याचे यात काही बिघडत नाही. आत उतरणाऱ्याचे बिघडते. कसे बिघडते आणि त्यावर माणसाने काय तोड काढली, हाच आजचा विषय. पाण्याखाली कसे जावे याचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. वर कसे यावे हे मात्र माणूस फार उशिरा शिकला. आणि ज्याची खोली आधी ठाऊक नाही अशा पाण्यातून वर कसे यावे, हे तर त्याहूनही उशिरा.

आडात पडलेला तांब्या काढायला जो गडी उतरतो, त्याचा येथे प्रश्न नाही. तो काठावर छाती भरून श्वास घेतो, त्या एकाच श्वासावर खाली जातो आणि दम संपायच्या आत वर येतो. प्रश्न त्याचा, जो पाण्याखाली श्वास घेत राहतो. पाण्यात दर दहा मीटरांना एका वातावरणाइतका दाब वाढतो. पृष्ठभागावर एक असतो, दहा मीटरांवर दोन, तीस मीटरांवर चार. छाती चेपू नये म्हणून पाणबुड्याला त्याच दाबाची हवा द्यावी लागते. हवेचा मोठा भाग नत्रवायूचा. शरीर तो वापरत नाही. पण दाबाखाली तो रक्तात, चरबीत, सांध्यांत, मज्जारज्जूत विरघळून बसतो. जितके खोल आणि जितका वेळ, तितका अधिक. आमच्या पिढीला गोटीच्या सोड्याची बाटली आठवत असेल. गोटी दाबेपर्यंत पाणी कसे निवळ दिसते; गोटी खाली गेली की बुडबुडे उसळतात. घाईने वर आलेल्या माणसाचे शरीर म्हणजे गोटी दाबलेली बाटली. बुडबुडा सांध्यात अडकला तर माणूस वेदनेने वाकतो, पाठीच्या कण्यात अडकला तर पाय जातात, आणि फुप्फुसांत दाटी झाली तर जीव जातो.

ही गोष्ट प्रथम कळली ती पाणबुड्यांपेक्षाही पूल बांधणाऱ्यांकडून. फ्रान्समध्ये त्रिजे नावाच्या अभियंत्याने लवार नदीकाठी कोळशाच्या खाणीसाठी दाबलेली हवा भरलेली लोखंडी कोठी वापरली आणि १८४१ साली तिचा वृत्तांत दिला. बाहेर आल्यावर कामगारांचे हातपाय दुखल्याची नोंद त्यातच आहे. पुढे अशा कोठ्यांना कॅसन म्हणू लागले, आणि या दुखण्यालाही तेच नाव चिकटले. नदीच्या तळाशी कोठी उपडी घालायची, आत हवा दाबून पाणी बाहेर ठेवायचे, आणि माणसांनी आत उभे राहून गाळ उपसत कोठी खाली खाली न्यायची. १९४३ साली वाहतुकीला खुला झालेला कलकत्त्याचा हावडा पूल अशाच कोठ्यांवर उभा आहे.

या पुलांच्या इतिहासात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाची कथा आमच्या विषयाला विलक्षण लागू पडते. वॉशिंग्टन रोबलिंग हा तेथला मुख्य अभियंता. ब्रुकलिनच्या बाजूचे कॅसन सुमारे ४४ फुटांवर टेकले. न्यूयॉर्कच्या बाजूला खडक किती खाली आहे, हे नक्की सांगता येत नव्हते; छिद्रे पाडून पाहिले तर तो कोठे वर, कोठे खाली असा वेडावाकडा लागे. कॅसन खाली जाऊ लागले तसतसा हवेचा दाब वाढवावा लागला, आणि सत्तर फुटांच्या पुढे माणसे बाहेर पडताच कोसळू लागली. १८७२ सालच्या एप्रिल-मे महिन्यांत मृत्यू होऊ लागले. रोबलिंगपुढे दोन वाटा होत्या. खडक लागेपर्यंत जायचे, म्हणजे आणखी किती फूट आणि आणखी किती प्रेते, हे दोन्ही आकडे अज्ञात. किंवा जेथे आहोत तेथे थांबायचे. वाळू व खडी घट्ट बसलेली आहे, भार सोसेल, असा निर्णय देऊन त्याने ७८ फूट ६ इंचांवर काम थांबवले. १८८३ साली पूल खुला झाला आणि त्याचा तो मनोरा आजही वाळूवरच उभा आहे. रोबलिंग स्वतः मात्र त्या कोठ्यांत वारंवार उतरून कायमचा अधू झाला; पुढची वर्षे त्याने आजारीपणात काढली, आणि त्याचे निरोप, हिशेब व सूचना कामावर पोचवण्याचा भार त्याची पत्नी एमिली हिने वाहिला.

पुष्कळ लेखक रोबलिंगच्या धाडसाचे कौतुक करतात. आम्हांला त्याचे थांबणे अधिक मोठे वाटते. खोली अज्ञात असताना 'येथून खाली नाही' अशी रेघ ओढणारे जे थोडे लोक झाले, त्यांत हा पहिल्या रांगेतला.

रोबलिंग थांबला तेव्हा त्याला रोगाचे कारण ठाऊक नव्हते. ते सहा वर्षांनी फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर याने १८७८ च्या आपल्या ग्रंथात सिद्ध केले: नत्रवायूचे बुडबुडे. उपाय म्हणून तो सावकाश वर या असे सांगे. पण सावकाश म्हणजे किती? या प्रश्नाला आकड्यांत उत्तर दिले ते जॉन स्कॉट हॉल्डेन याने. ब्रिटिश नौदलाच्या सांगण्यावरून त्याने बॉयकॉट व डॅमंट या सहकाऱ्यांबरोबर प्रयोग केले, आणि ते केले शेळ्यांवर. शेळी दुखणे बोलून दाखवत नाही. पण सांधा दुखला की ती पाय उचलून धरते, आणि तेवढी खूण हॉल्डेनला पुरे होती. त्याला आढळले की दाब निम्म्यावर येईपर्यंत सहसा अपाय होत नाही. म्हणजे दोन वातावरणांतून एकावर येणे जितके निर्धोक, तितकेच सहांतून तिनांवर येणे. तेव्हा प्रथम झपाट्याने निम्म्या दाबापर्यंत वर यावे आणि मग दर दहा फुटांवर थांबत, नत्रवायूला निघून जायला अवधी देत, पृष्ठभाग गाठावा. शरीराचे काही भाग पाच मिनिटांत अर्धे भरतात, काहींना पंचाहत्तर मिनिटे लागतात, असे धरून त्याने कोष्टके मांडली. १९०६ साली स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ डॅमंट व कॅटो हे दोघे २१० फुटांवर जाऊन सुखरूप परतले, आणि १९०८ साली ती कोष्टके प्रसिद्ध झाली.

त्याच प्रयोगांच्या वेळी हॉल्डेनचा तेरा वर्षांचा मुलगाही पाणबुड्याचा पोशाख चढवून उतरला होता. पोशाख अंगाला मोठा, त्यात पाणी शिरलेले. तरी पोराने तक्रार केली नाही. हाच पुढे जे. बी. एस. हॉल्डेन म्हणून जगाला माहीत झाला. १९३९ साली 'थेटिस' ही पाणबुडी बुडून ९९ माणसे गेली, तेव्हा त्याने बंद कोठीत स्वतःवर दाबाचे प्रयोग करून घेतले. १९५७ साली तो इंग्लंड सोडून भारतात आला, येथला नागरिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला. वाटले तर हे विषयांतर समजा. पण जी कोष्टके जगभरच्या पाणबुड्यांच्या जिवाची राखण करतात, त्यांचा एक साक्षीदार आपल्या भूमीत चिरविश्रांती घेतो, हे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही.

आता या कोष्टकांतली मेख पाहा. कोष्टक दोनच गोष्टी विचारते: सर्वांत खोल कोठवर गेला होता, आणि किती वेळ? ही दोन उत्तरे दिली की ते पुढचे सांगते. अमेरिकी नौदलाच्या १९५७ च्या कोष्टकांत साठ फुटांवर साठ मिनिटे राहून न थांबता वर येता येई. शंभर फुटांवर पंचवीस मिनिटे. एकशे तीस फुटांवर केवळ दहा. समजा, एखादा इसम शंभर फूट धरून पंचवीस मिनिटांचा बेत करून उतरला आणि तळ निघाला एकशे तिसांवर. पंचवीस मिनिटांनी तो निघेल तेव्हा त्याच्या अंगावर दहा फुटांवर दहा मिनिटे थांबण्याचे देणे चढलेले असेल. दहा मिनिटे म्हणजे काहीच नाही, असे कोणी म्हणेल. पण त्या दहा मिनिटांची हवा त्याने बरोबर घेतलेली नाही! शिवाय जितके खोल, तितकी हवा लौकर संपते, कारण प्रत्येक श्वास त्या खोलीच्या दाबाचा भरावा लागतो. पृष्ठभागावर एक तास पुरणारी टाकी तीस मीटरांवर पंधरा मिनिटे पुरते, साठ मीटरांवर नऊदेखील नाही. म्हणजे अनपेक्षित खोली दोन्ही बाजूंनी कापते: देणे वाढवते आणि गाठीचा पैसा कमी करते.

भर समुद्रात यावर तोड आहे. जहाजावरून शिसे बांधलेली दोरी सोडून आधी खोली मोजता येते, पाणबुड्याच्या कमरेला नळी बांधून वरच्या माणसाला तो कोठे आहे ते वाचता येते, संशय आला तर कोष्टकातली पुढची अधिक खोल ओळ धरता येते. आणि सगळेच फसले, तर माणसाला वर ओढून पुन्हा दाबाच्या कोठीत घालता येते. मुंबईत कुलाब्याला 'अश्विनी' या नौदलाच्या रुग्णालयाशी संलग्न असलेल्या नौदल वैद्यक संस्थेत या शास्त्राचे शिक्षण दिले जाते.

गुहेत यांतले काहीच चालत नाही. आपल्या मुलखात बसून ही गोष्ट डोळ्यांपुढे आणणे जरा कठीण आहे. महाराष्ट्राचा खडक काळा कातळ. त्यात कार्ले, भाजे, बेडसे यांसारखी लेणी माणसाने खोदली. हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या लेण्यात कमरेएवढे थंडगार पाणी असते, तेवढाच काय तो आपल्याकडचा बुडालेल्या गुहेचा अनुभव. चुनखडीच्या प्रदेशात मात्र पाणी खडकच विरघळवून टाकते, आणि मैलोगणती लांबीच्या पाणी भरलेल्या वाटा तयार होतात. त्या वाटेला छत असते. सरळ वर येता येत नाही. ज्या मार्गाने गेलात त्याच मार्गाने परतायचे. ती वाट खाली जाते, वर चढते, पुन्हा खाली बुडते. पलीकडच्या पोकळीत डोके वर काढून मोकळा श्वास घेतलेल्या माणसाला परतताना पुन्हा त्याच खोल वळणातून जावे लागते, आणि आधीच्या बुडीचा नत्रवायू अंगात बाकी असतो. दोरी सोडावी तर ती पहिल्याच वळणावर अडते. म्हणजे आपल्या डोहावर सुंभ सोडणाऱ्याची जी फजिती, तीच येथे प्राणांवर बेतते.

फ्रान्समधले व्होक्लूजचे झरे हे याचे जुने उदाहरण. डोंगराच्या पायथ्याशी एक कुंड, त्यातून दर वसंतात नदीच्या नदी बाहेर फुटते. १८७८ साली ओत्तोनेली नावाचा पाणबुड्या तेथे २३ मीटर उतरला. १९४६ च्या ऑगस्टात कूस्तो व द्यूमा नव्या श्वसनयंत्रानिशी गेले आणि मरता मरता वाचले. हवा भरणाऱ्या यंत्राने स्वतःचाच विषारी धूर टाक्यांत ओढून घेतला होता. तळ त्यांना दिसला नाही. तो कळला १९८५ साली, माणसाला नव्हे, एका यंत्राला: ३०८ मीटर. ओत्तोनेलीच्या २३ मीटरांपासून या आकड्यापर्यंत पोचायला शंभराहून अधिक वर्षे गेली. मधल्या काळात जो जो उतरला, त्याने आपले वर येण्याचे गणित एका अज्ञात आकड्यावर मांडले होते.

ते कसे मांडायचे, याची शिस्त बसवणाऱ्यांत फ्लोरिडाच्या शेक एक्स्ली या गणिताच्या शिक्षकाचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. १९७९ साली त्याने गुहेतील बुडीवर एक लहानसे पुस्तक लिहिले. गुहांत मेलेल्यांच्या हकिकती तपासून त्याने कारणे वेगळी काढली: बाहेरपर्यंत अखंड दोरी नव्हती, हवेचा राखीव भाग ठेवला नव्हता, झेपेल त्यापेक्षा खोल गेले. हवेचा एक तृतीयांश जाण्यास, एक तृतीयांश येण्यास आणि एक तृतीयांश संकटासाठी, हा नियम गुहेत जाणाऱ्यांचा मूलमंत्र ठरला.

खोली अज्ञात असेल तेव्हा या मंडळींची रीत अशी पडत गेली. पहिल्या बुडीचे काम काही गाठण्याचे नव्हे, मोजण्याचे. ठरावीक अंतरावर गाठी मारलेली दोरी आत बांधत जायची, प्रत्येक वळणावर खोली पाटीवर लिहायची, आणि ठरवलेल्या आकड्यावर, पुढे वाट कितीही मोकळी दिसो, मागे फिरायचे. दुसरी बुडी पहिलीच्या नकाशावर उभी राहते. नव्या भागासाठी एकच कोष्टक न्यायचे नाही. अपेक्षित खोलीचे एक, तिच्याहून खोल असे दुसरे, वेळ लांबला तर तिसरे, आणि प्रत्येकाला पुरेल इतका वायू परतीच्या वाटेवर आधीच टांगून ठेवायचा. येथे आणखी एक अडचण आहे. तीस मीटरांच्या पुढे साध्या हवेतला नत्रवायू डोक्याला झिंग आणतो, म्हणून त्याच्या जागी हेलियम मिसळतात. परतताना नत्रवायू लौकर निघावा म्हणून शुद्ध प्राणवायू घेतात. पण तोच प्राणवायू सहा मीटरांच्या खाली घेतला तर झटके आणू शकतो. जो वायू एका खोलीवर औषध, तो दुसऱ्या खोलीवर विष. तेव्हा खोली चुकली की नुसते कोष्टक चुकत नाही, पाठीवरची टाकीही चुकते.

एक्स्लीने मेक्सिकोतल्या मांते या झऱ्यात १९८८ व १९८९ साली ज्या बुड्या मारल्या, त्यांसाठी हॅमिल्टन या शरीरशास्त्रज्ञाकडून त्याने वेगवेगळ्या खोल्यांची कोष्टके करून घेतली होती. दुसऱ्या वेळी तो अडीचशे मीटरांच्या पलीकडे गेला. खाली जायला मिनिटे लागली, वर यायला दहा तासांहून अधिक. तळ तेव्हाही लागला नाही. ६ एप्रिल १९९४ रोजी तो मेक्सिकोतच साकातोन या कुंडात उतरला. त्याचा तळ कोणी पाहिला नव्हता. ज्याने दुसऱ्यांना मागे फिरण्याची रेघ शिकवली, तो त्या दिवशी परत आला नाही. नेमके काय झाले याविषयी तर्क पुष्कळ झाले. आम्ही त्यांत भर घालत नाही. १३ वर्षांनी, २००७ साली, एका स्वयंचलित यंत्राने ध्वनिलहरींनी त्या कुंडाचा नकाशा काढला, आणि पाण्याची खोली तीनशे मीटरांहून अधिक भरली.

आता कोणी विचारील की मनगटावर बांधण्याचे संगणक निघाले, मग ही कटकट कशाला? १९८० नंतर असे संगणक बाजारात आले खरे. ते दर काही सेकंदांनी दाब मोजतात, शरीरात किती नत्रवायू साठला असेल त्याचा हिशेब ठेवतात आणि कोठे किती थांबावे ते दाखवतात. वाट खालीवर कशीही गेली तरी गणित चुकत नाही. पण संगणक हा वाण्याच्या चोपडीसारखा आहे. किती देणे झाले ते तो पैशापर्यंत सांगेल. ते फेडायला खिशात काय आहे, याची जबाबदारी त्याची नाही. वायू किती न्यायचा हे पाण्यात शिरण्यापूर्वीच ठरते, आणि ते ठरवताना संगणकालाही खोली ठाऊक नसते.

जाता जाता पुणेकरांच्या कामाची एक गोष्ट. ही सगळी मूळ कोष्टके समुद्रसपाटीची. आपण सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर राहतो, आणि येथे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी कमी. म्हणजे बाटलीचे तोंड येथे थोडे अधिकच उघडे आहे. तीनशे मीटरांच्या वर कोष्टकांना दुरुस्ती द्यावी असा प्रघात आहे. झुरिकच्या ब्यूलमान याने डोंगरांतील सरोवरांसाठी यावर पुष्कळ काम केले. तेव्हा तारकर्लीच्या समुद्रात शिकलेले गणित जसेच्या तसे मावळातल्या धरणात वापरू नये.

आता जी हकिकत सांगायची आहे, तिच्यासाठी आम्हांला पुन्हा मुळेच्या काठावर यावे लागते. येथून नदीपलीकडे बाणेरला किर्लोस्कर ब्रदर्सची मुख्य कचेरी आहे. १८८८ साली बेळगावात सायकलींच्या धंद्यापासून लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आरंभ केला, आणि १९१० साली कुंडल रोडच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. जागा दिली औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी. हे औंध सातारा जिल्ह्यातले, आपल्या शेजारचे नव्हे, एवढा खुलासा दरवर्षी कोणाला तरी करावा लागतो. नांगर, मग चरक, मग पाणी उपसण्याचे पंप असा त्या कारखान्याचा प्रवास झाला. मोटेच्या जागी पंप आला, म्हणजे विहिरीत माणूस न उतरवता विहिरीचे पाणी वर आणण्याची सोय झाली. आमच्या प्रश्नाचे हे निराळेच उत्तर आहे. खोली कळत नाही ना? मग माणसाला खोलीकडे न पाठवता खोलीच कमी करावी.

२३ जून २०१८ रोजी थायलंडमधील थाम लुआंग गुहेत बारा मुले आणि त्यांचा शिक्षक पावसाच्या पाण्याने अडकले. २ जुलैला ब्रिटिश पाणबुड्यांना ती जिवंत सापडली, तोंडापासून सुमारे चार किलोमीटर आत. येथे बुड्या फार खोल नव्हत्या; गढूळ पाणी, अरुंद वाटा आणि संपणारी हवा हे शत्रू होते. परतीच्या वाटेवर टाक्या ठेवण्याच्या कामात समन कुनान हा नौदलाचा माजी सैनिक मृत्युमुखी पडला. भारतीय वकिलातीच्या सांगण्यावरून किर्लोस्कर कंपनीचे तंत्रज्ञ तेथे पोचले आणि पाणी उपसण्याच्या कामी सल्ला देत राहिले; चार मोठे पंप किर्लोस्करवाडीला विमानात चढवण्यासाठी सज्ज ठेवलेले होते. अनेक देशांचे पंप रात्रंदिवस चालले, पाणी उतरले, आणि ८ ते १० जुलै या तीन दिवसांत पाणबुड्यांनी सगळ्यांना बाहेर काढले. पाण्याखालून काढायची वाट जितकी आखूड झाली, तितके ते काम माणसाच्या आवाक्यात आले.

त्याच वर्षी १३ डिसेंबरला मेघालयातील पूर्व जैंतिया टेकड्यांत कसान गावी कोळशाच्या खाणीत पाणी घुसले. आत किमान पंधरा मजूर होते. उंदराच्या बिळांसारख्या या खाणींना २०१४ सालीच बंदी झाली होती. सुमारे ३७० फुटांचा उभा आड, आणि त्याच्या बुडाशी चहूकडे फुटलेली, माणसाने सरपटत जायची बिळे. त्यांचा नकाशा कोणापाशीच नव्हता. नौदलाचे पाणबुडे आले. सुरक्षित बुडीची त्यांची मर्यादा शंभर फूट, आणि आडातले पाणी त्याहून खोल. मर्यादा त्यांनी ओलांडली नाही. पाणी शंभर फुटांच्या आत आणा, मग आम्ही बिळांपर्यंत जातो, असे ठरले. आणि इतरांच्या पंपांबरोबर किर्लोस्करांचे पंप व माणसेही तेथे पोचली.

थायलंडात जे साधले ते येथे साधले नाही. शेजारच्या सोडून दिलेल्या खाणी आतून एकमेकींना जोडलेल्या होत्या, जवळून लायटेइन नदी वाहत होती. जेवढे उपसावे तेवढे पुन्हा भरून येई. कोट्यवधी लिटर पाणी बाहेर पडले तरी पातळी हटेना. वर्तमानपत्रांतून टीका झाली की पाणबुडे नुसते काठावर बसून आहेत. ज्यांनी ही टीका लिहिली, त्यांनी कोष्टकातली एकही ओळ वाचलेली नसावी. शंभर फुटांची रेघ ओलांडून, छत असलेल्या आणि वाट माहीत नसलेल्या बिळात माणूस पाठवणे म्हणजे पंधरांत सोळावा मिळवणे होते. काठावर मजुरांचे नातेवाईक बसलेले असताना ती रेघ पाळणे किती कठीण गेले असेल, याची कल्पना आम्ही करू शकतो. तिचा हिशेब कोठल्याही कोष्टकात नाही.

अखेर माणसाऐवजी दोरीला बांधलेले यंत्र आत सोडण्यात आले. जानेवारी २०१९ मध्ये त्याच्या डोळ्याला एका बिळात पहिला देह दिसला, आणि २४ जानेवारीला तो वर काढला गेला. बहुतेक मजूर आतच राहिले. मार्चात काम थांबवण्यात आले, तेव्हाही त्या आडात पाणी होते.